अ सिंगल शार्ड – जुन्या कोरियातल्या कुंभारगावाची गोष्ट, पोरांना द्याच

ज्यांच्या घरात कोरियन सिरीयलचं वेड शिरलंय त्यांनी हे पुस्तक पोरांच्या हातात नक्की द्या. लिंडा सू पार्क यांचं 'अ सिंगल शार्ड', २००१ साली आलेलं, २००२ चं न्यूबेरी मेडल (अमेरिकेतला बालसाहित्याचा मोठा पुरस्कार) मिळालेलं. मी इंग्रजीतून वाचलं, भाषा सोपी आहे, दीडशेच्या आसपास पानं. सिरीयलमधे कसं सगळं राजवाडा आणि कटकारस्थानं, इथे राजदरबार शेवटी जरासा दिसतो, बाकी गोष्ट चिखलात, भट्टीपाशी आणि पुलाखाली घडते आणि मला तेच जाम आवडलं.

काळ बाराव्या शतकाचा, गोर्यो राजवटीतला. पश्चिम किनाऱ्यावरचं चुलपो हे कुंभारांचं गाव, तिथे ट्री-इअर नावाचा अनाथ पोरगा क्रेन-मॅन या लंगड्या म्हाताऱ्यासोबत पुलाखाली राहतो. पहिल्याच प्रकरणात एका माणसाच्या पाठीवरच्या ओझ्यातून तांदूळ सांडत असतो, पोरगा उपाशी, लगेच सांगावं की थोडा सांडू द्यावा आणि मग सांगावं? तो थांबतो आणि मग सांगतो, आणि हे बरोबर झालं का यावर म्हातारा आणि तो दोघं बोलतात. लेखिका कुठेही उपदेश करत बसत नाही. पुढे दुसऱ्याने शोधलेली कला आपल्याला चुकून दिसली तर ती आपण ज्याच्याकडे काम करतो त्या मालकाला सांगणं ही चोरी का, असाही पेच येतो, त्यावर तर मोठ्यांनीही वाद घालावा.

ट्री-इअर मिन नावाच्या तिरसट कुंभाराकडे कामाला लागतो. चाकावर बसायला मिळेल या आशेने गेलेला पोरगा आधी लाकडं ओढतो, हाताला फोड येतात, मग माती खणायची, पाण्यात कालवायची, गाळायची, परत गाळायची आणि मिन बोटांत चोळून बघणार आणि नाही म्हणणार. असं होता होता एक दिवस त्याच्या स्वतःच्याच बोटांना तो फरक कळतो, हा प्रसंग मी दोनदा वाचला. मिनची बायको दुपारी वाडग्यात जेवण देते, हा अर्धं म्हाताऱ्यासाठी लपवून ठेवतो, तर संध्याकाळी वाडगा परत भरलेला! कोणी काही बोलत नाही. डोळ्यात पाणी आलं माझ्या.

आणि हे कुंभारकाम सगळं खरं आहे बरं का. गोर्योच्या सेलाडॉन (हिरवट झिलईच्या) भांड्यांचा तो निळसर हिरवा रंग ग्लेझमधल्या, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपातल्या, लोखंडामुळे आणि भट्टीत हवा कमी ठेवल्यामुळे येतो, ११२३ मधे आलेल्या शू जिंग या चिनी दूतानेही या रंगाचं कौतुक लिहून ठेवलंय. ओल्या मातीत नक्षी कोरून खाचांमधे पांढरी आणि लाल माती भरायची, भाजल्यावर लाल मातीची काळी होते. गोष्टीच्या शेवटी ज्या फुलदाणीचा उल्लेख येतो ती ढग आणि क्रौंच पक्ष्यांची फुलदाणी खरोखर आहे, सोलच्या कान्सोंग संग्रहालयाची, जपानी सत्ता असताना १९३५ मधे जॉन ह्यॉंग-पिल या कोरियन संग्राहकाने जपानी व्यापाऱ्याकडून विकत घेतलेली. हजार क्रौंचांची म्हणतात, प्रत्यक्षात ६९ आहेत.

दुसऱ्या भागात पोरगा भांडी पाठीवर घेऊन राजधानी सोंगडोला चालत निघतो, म्हणजे आजचं उत्तर कोरियातलं केसोंग. वाटेत पुयोचा तो कडा लागतो जिथून ६६० मधे बेक्जे राज्य पडताना राजवाड्यातल्या बायकांनी नदीत उड्या घेतल्या अशी दंतकथा आहे. तिथे काय होतं ते सांगत नाही, पण प्रवास फारच पटकन उरकलाय, चुलपोला जेवढी पानं दिली त्याच्या निम्मी तरी रस्त्याला द्यायला हवी होती. शेवटही घाईचा, एक मोठं दुःख येतं आणि ते पचायच्या आत पुढची चांगली बातमी. आणखी एक म्हणजे ट्री-इअरच्या वयाची एकही ठळक मुलगी गोष्टीत नाही, मुलींना हे खटकेल.

साधारण दहा वर्षांपुढच्या पोरांना चालेल, मराठी माध्यमातली असतील तर आपण वाचून मराठीत सांगत जायचं, प्रकरणं छोटी आहेत, रोज एक सहज होतं. आवडलं तर याच लेखिकेचं 'द काइट फायटर्स' घ्या, १४७३ च्या सोलमधल्या दोन पतंगबाज भावांचं, ते याहून हलकंफुलकं आहे.