मुंबईत एकट्यानं राहायचंय: अख्खा फ्लॅट, घरातली खोली की डॉर्ममधला बेड?

चार-पाच दिवस एकट्यानं मुंबई बघायची ठरली की मोबाइलवर आधी अख्खा फ्लॅट शोधला जातो. दार आपलं, गॅस आपला, कुणाची कटकट नाही, आणि भाडं हॉटेलपेक्षा कमी दिसतं. माझं मत आधीच सांगते. मुक्काम आठवड्याच्या आतला असेल तर एकट्या माणसाला मुंबईतला अख्खा फ्लॅट सहसा परवडत नाही. परवडलाच, तर तो अशा कोपऱ्यात असतो की वाचलेले पैसे रात्रीच्या रिक्षाला जातात. कुणाच्या तरी राहत्या घरातली स्वतंत्र खोली हा त्यातल्या त्यात बरा सौदा.

हिशेब करून बघा. समजा वन आरकेचं भाडं रात्रीला 2,400 रुपये आणि साफसफाईचे एकदाच 900. तीन रात्रींचे झाले 8,100, म्हणजे रात्रीला 2,700. दोघं असते तर माणशी 1,350 पडले असते आणि मी काही बोललेच नसते. एकट्याला मात्र दुसऱ्या, रिकाम्या उशीचंही भाडं भरावं लागतं. तेच दहा रात्री राहिलात तर साफसफाईचा वाटा रात्रीला 90 वर येतो, बरेच मालक आठवड्याच्या वर सूट देतात आणि सकाळचा चहा-पोहे घरी करून बाहेरचा खर्चही वाचतो. तेव्हा फ्लॅट वाईट नाही, तो लांबच्या मुक्कामाचा आहे. तीन रात्रींसाठी गॅस आपला असून करणार काय? कोपऱ्याकोपऱ्यावर पोळी-भाजी केंद्र असलेल्या शहरात तीन दिवसांसाठी मीठ-तेल विकत घेणं हा शुद्ध वेडेपणा.

गेटवरचा प्रश्न

फ्लॅटचा खरा घोळ दरात नाही, सोसायटीत आहे. मुंबईत घर मालकाचं असलं तरी गेट सोसायटीचं असतं. बऱ्याच सोसायट्यांना दोन-तीन दिवसांचे पाहुणे खपत नाहीत, आणि बैठकीत तसं ठरलेलंही असतं. मग मालक मेसेज करतो, "वॉचमनने विचारलं तर माझे नातेवाईक आहे म्हणून सांगा." हे वाक्य आलं की ती जागा सोडून द्या, रेटिंग कितीही चांगलं असो. रात्री अकराला बॅग घेऊन गेटवर उभे आहात, वॉचमन रजिस्टर पुढे करून "कोणाकडे? किती दिवस?" विचारतोय, मालक फोन उचलत नाही आणि सेक्रेटरी बनियनवर खाली येतायत. दोघं असतील तर एक जण बॅगेपाशी थांबतो, दुसरा बोलतो. एकट्यानं दोन्ही करायचं म्हणजे अवघडच. म्हणून आधीच सरळ विचारा, "सोसायटीला कळवलेलं आहे ना? गेटवर माझ्या नावाची नोंद असेल ना?" उत्तर गुळमुळीत आलं तर पुढची जागा बघा.

राहत्या घरातल्या खोलीला हा त्रास जवळजवळ नसतो, कारण घरातलं माणूस घरातच असतं. दादर, गिरगाव, पार्ल्याकडे अशी घरं सापडतात: मुलं पुण्याला किंवा परदेशात, मागे काका-काकू आणि एक रिकामी खोली. राज्याच्या पर्यटन खात्याची निवास व न्याहारी योजनाही आहे. तिच्यात नोंदणी असलेलं घर मिळालं तर उत्तमच. तोटा एकच, पण ठसठशीत: घराचे नियम. मांसाहार चालेल का, पाहुणा आलेला चालेल का, आंघोळ किती वाजता. त्यातही सगळ्यात महत्त्वाचं, लॅचची चावी मिळणार का? शिवाजी मंदिरात किंवा माटुंग्याच्या यशवंत नाट्यमंदिरात रात्रीचा प्रयोग बघायचा असेल तर घरी पोचायला साडेअकरा सहज होतात. काकू तोवर दिवाणखान्यात जाग्या बसल्या तर प्रयोगाची मजा गेलीच म्हणायची. बुकिंगआधी विचारून टाका, "काकू, एखाद्या दिवशी बारा वाजले तर चालेल ना?" काकू स्पष्ट "नाही हो, आम्ही दहाला झोपतो" म्हणाल्या तरी चांगलं. निदान कळलं तरी.

डॉर्मचा, म्हणजे अनेकांच्या सामायिक खोलीतला, बेड सगळ्यात स्वस्त. दिवसभर बाहेर आणि फक्त पाठ टेकायला जागा हवी, अशांना तोच बरा. बायकांसाठी वेगळी डॉर्म, कुलूप लावता येईल असा लॉकर आणि रिसेप्शनला रात्रभर माणूस या तीन गोष्टी बघा. एक खाच मात्र मराठी माणसालाच नेमकी अडते. अनेक हॉस्टेलं आणि लॉज त्याच शहराचा पत्ता असलेलं ओळखपत्र चालवून घेत नाहीत. तुम्ही नाशिकला राहत असाल, पण आधारवर अजून कांदिवलीचा जुना पत्ता असेल, तर दारातून परत फिरायची वेळ येऊ शकते. काही लॉज एकट्या बाईला खोली द्यायलाही कां-कू करतात. फोन करूनच जा. लॉजच्या बिलावर जीएसटीही बघा. दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर तो सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के आहे, आधी 12 होता. आणि आधारची प्रत कुठेही देताना शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या.

नुसती एक रात्र काढायची असेल तर मुंबई सेंट्रल स्टेशनातलं पॉड हॉटेलही आहे, एका माणसापुरत्या झोपायच्या कप्प्यांचं. 2021 मध्ये सुरू झालं तेव्हा बारा तासांचे 999 रुपये होते. शवपेटीसारखं वाटतं म्हणणारेही भेटतात. मला तरी ते पहाटेच्या गाडीआधी सोयीचं वाटतं.

कुठे राहायचं

जागेचा प्रकार ठरला तरी अर्धंच काम झालं. "स्टेशनपासून पाच मिनिटं" ही मुंबईतली जुनी थाप आहे. पाच मिनिटं कशानं, आणि कुठल्या बाजूला? अंधेरी म्हणजे लोखंडवालाही आणि मरोळही, आणि संध्याकाळी सातला या टोकाहून त्या टोकाला जायचं म्हणजे तासाची निश्चिंती. पूर्व की पश्चिम हे पत्त्यात नसेल तर नकाशा उघडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एकट्यासाठी माझी पसंती दादर-माटुंगा-माहीमला. दादरला पश्चिम आणि मध्य दोन्ही रेल्वे मिळतात, म्हणजे बोरिवली असो वा ठाणे, गाडी बदलायची भानगड नाही. ऑक्टोबर 2025 पासून मेट्रो 3 थेट कफ परेडपर्यंत जाते, त्यामुळे गिरगाव, सीएसएमटी, चर्चगेट गारेगार डब्यात बसून होतं. रात्री अकरालाही रस्त्यावर बायका-माणसं दिसतात, आणि एकट्या बाईला ही गोष्ट कुठल्याही सीसीटीव्हीपेक्षा मोलाची. तोटेही आहेत. खोल्या जुन्या इमारतींत, लिफ्ट असेलच असं नाही, आणि फुलबाजाराच्या बाजूची खिडकी असेल तर पहाटे चारला जाग येणार. 6 डिसेंबरच्या आसपास चैत्यभूमीवर लाखो लोक येतात, तेव्हा आधी बुकिंग नसेल तर दादरला जागा शोधायलाच जाऊ नका. पावसाळ्यात पाणी तुंबणारी हिंदमाताकडची बाजूही टाळलेली बरी.

अंधेरी पूर्व स्वस्त पडतं, विमानानं येणाऱ्याला सोयीचंही. मेट्रो 1 आहे, आणि मरोळ नाक्याला मेट्रो 3 मिळते. पण मुंबई बघायला आलेल्या माणसाचे बरेचसे दिवस दक्षिणेत जातात. लोकल रात्री साडेबारा-एकच्या सुमारास थांबते ती पहाटे चारनंतर सुरू होते. मेट्रो 3 ची शेवटची गाडी तर त्याच्याही बरीच आधी. मधल्या वेळात कुलाब्याहून अंधेरीला यायचं म्हणजे टॅक्सी, कारण वांद्रे आणि सायनच्या पुढे शहरात रिक्षा येतच नाही. मध्यरात्री बारा ते पाच मीटरवर 25 टक्के जादा. असे दोन परतीचे प्रवास झाले की दादरच्या खोलीतला फरक भरून निघतो.

बोरिवली, ठाणे, वाशी इथे त्याच पैशात नवी इमारत, लिफ्ट, चोवीस तास पाणी मिळतं. दहा-पंधरा दिवस राहून लॅपटॉपवर काम करणाऱ्याला तिथला फ्लॅट चांगला. फिरणाऱ्याला नाही. रोज जाऊन-येऊन दीड-दोन तास गाडीत, तेही गर्दीच्या वेळी. कुलाबा-फोर्ट पायी फिरायला झकास, पण तिथे बजेटमध्ये मिळते ती बहुधा बिनखिडकीची खोली.

आणि हो, डोंबिवलीची मावशी. भाडं शून्य, जेवण गरम. पण मावशी "किती वाजता पोचतेस?" असा फोन साडेपाचलाच करते, आणि तुम्ही मरीन ड्राइव्हवर सूर्य बुडायच्या आत उठता. एक रात्र मावशीकडे जरूर जा, बाकीच्या दादरला काढा.

फोटोंत काय बघायचं

न्हाणीघराच्या फोटोत कोपऱ्यात निळं पिंप दिसलं, तर पाणी ठरावीक वेळेलाच येतं असं समजा आणि वेळ विचारा. सकाळी सहा ते आठ असेल तर त्याप्रमाणे उठायची तयारी ठेवा. सगळ्याच फोटोंत पडदे ओढलेले असतील तर खिडकी डक्टमध्ये किंवा पॅसेजमध्ये उघडते. जून ते सप्टेंबरमध्ये यायचं असेल तर भिंतींचे ताजे फोटो मागा, कारण ओल लागलेल्या खोलीत कपडे तीन दिवस वाळत नाहीत. पुनरावलोकनं वाचताना एकट्यानं राहून गेलेल्यांचीच आधी वाचा. कुटुंबानं दिलेले पाच तारे दाराची कडी नीट लागते का, हे सांगत नाहीत.

पैसे ॲपमधूनच भरा. "थेट यूपीआय करा, पाचशे कमी करतो" म्हणणाऱ्याला नकार द्या. जागा दाखवली त्यापेक्षा वेगळी निघाली तर तक्रार करायला त्या पाचशेच्या मोबदल्यात काहीच हातात राहत नाही. पहिल्यांदाच येत असाल तर आधी दोनच रात्री भरा. खोली पसंत पडली तर काकू पुढच्या रात्री सहसा वाढवून देतात, आणि नाहीच पडली तर तिसऱ्या दिवशी बॅग उचलायला मोकळे.