टॅप, ग्राउलर की कॅन? ठाणे-नवी मुंबईत क्राफ्ट बिअर निवडताना

‘कुठली क्राफ्ट बिअर चांगली?’ असं घोडबंदर रोडला विचारा नाहीतर खारघरला, उत्तरात ब्रँडचं नावच मिळतं. पण तीच बिअर ब्रूपबच्या, म्हणजे जागेवरच बिअर बनवणाऱ्या पबच्या, टॅपमधून (नळातून) आली, ग्राउलर नावाच्या मोठ्या बाटलीत भरून घरी नेली किंवा बिअर शॉपीतून कॅनमध्ये उचलली, तर तीन ठिकाणी तिची चव तीन तऱ्हेची लागते. म्हणून आधी ती कुठल्या वाटेने ग्लासापर्यंत येणार ते ठरवावं, मग प्रकार ठरवावा. नाव सगळ्यात शेवटी.

याचं कारण आपली हवा. बिअरच्या धंद्यात ३-३०-३०० असा एक ढोबळ हिशेब सांगतात. साधारण ३२ अंश सेल्सिअसला ३ दिवसांत बिअर जितकी शिळी होते, तितकी ती २२ अंशांना ३० दिवसांत आणि ३ अंशांना ३०० दिवसांत होते. एप्रिल-मेमध्ये ठाण्यात ३२ अंश म्हणजे सावली झाली. टेम्पोचा मागचा भाग किंवा दुकानाचा पोटमाळा याहून कितीतरी तापतो. तिथे दोन दिवस राहिलेला कॅन नंतर कितीही गार केला तरी गेलेली चव परत येत नाही.

टॅप

ताजेपणात टॅपला तोड नाही, पण टॅपची आहे म्हणजे ताजीच आहे असंही नाही. ब्रूपबमध्ये काचेआड स्टीलच्या टाक्या दिसतात, तिथली बिअर थोड्याशा नळीतून ग्लासात येते. दुसरीकडे बनलेली बिअर केगमधून, म्हणजे बंद पिंपातून येते. डोंबिवलीची गेटवे ब्रूइंग ही आपल्या पट्ट्यात केगच्या पुरवठ्यावर उभी राहिलेली ब्रुअरी, आणि त्यांची व्हाइट झेन ही हेफेवायझन, म्हणजे गव्हाची जर्मन बिअर. केग वाईट नसतो, पण तो थंड आला का आणि उघडून किती दिवस झाले, यावर सगळं ठरतं.

म्हणून दोनच प्रश्न विचारावेत: हा केग कधी लावला, आणि लाइन (केगपासून टॅपपर्यंतची नळी) कधी धुतली? बिअरची लाइन दर १४ दिवसांनी कॉस्टिक सोड्याने धुवावी असा या व्यवसायातला दंडक आहे. ती धुतली नाही की नळीच्या आतल्या बाजूला जिवाणूंचा चिकट थर बसतो आणि बिअरला लोण्याचा किंवा व्हिनेगरचा वास येतो. दोष कोणाचा हे ओळखायची सोपी खूण आहे. एकाच बिअरला लोणी लागत असेल तर बहुधा ती बनवतानाच घाई झाली असावी. शेजारच्या दोन-तीन टॅपनाही तोच आंबूस वास असेल तर लाइनच घाण आहे, ब्रुअरीला नावं ठेवू नका.

गर्दी कमी असलेल्या दुपारी कोणी न मागितलेली, स्टाउटसारखी काळी बिअर घेतलीत, तर पहिल्या ग्लासात रात्रभर नळीत पडलेली बिअर येते. आधी चव बघायला थोडी मागावी, बहुतेक ठिकाणी देतात. ग्लासही निरखून बघावा. आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटलेले दिसले तर ग्लास तेलकट किंवा साबणाचा आहे. त्यात फेस टिकत नाही आणि वास मरतो. दुसरा मागायला लाजू नये.

किमतीच्या बाबतीत टॅप बहुतेक वेळा महाग पडतो. मेन्यूवर ‘पाइंट’ लिहिलेलं असतं, पण तो कुठे ३३० मिलीचा असतो तर कुठे ५०० चा. मिली विचारून घ्या आणि दर १०० मिलीला किती पडतात ते काढा. दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावरचा व्हॅट वेगळा लागतो, हेही हिशेबात धरा.

ग्राउलर

घरी चार-पाच जण जमणार असतील तर १ किंवा २ लिटरचा ग्राउलर सोयीचा. पण तीन वाटांपैकी सर्वांत नाजूक वाट हीच. भरताना टॅपला नळी लावून ती बाटलीच्या बुडापर्यंत नेली पाहिजे, आधी आत कार्बन डायऑक्साइड सोडून हवा काढली पाहिजे, आणि मानेपर्यंत भरून फेसावरच झाकण लावलं पाहिजे. टॅपखाली बाटली धरून वरून धार सोडत असतील तर ती बिअर त्याच रात्री संपवावी, दुसऱ्या दिवशी ती सपक झालेली असते. नीट भरलेला, न उघडलेला ग्राउलर फ्रिजमध्ये २-३ दिवस चांगला राहतो. उघडल्यावर मात्र २४ तास, फार तर ३६.

प्लास्टिकच्या ग्राउलरमधून ऑक्सिजन हळूहळू आत शिरतो, तेव्हा तो एका दिवसाचाच समजावा. काचेचा टिकतो, पण त्याला उष्णता सोसत नाही: आतला दाब वाढतो, झाकण गळतं, कधी काचही तडकते. लोअर परळहून वाशी किंवा मानपाड्याला येताना संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास जाऊ शकतात. बर्फाची थर्माकोलची पेटी नसेल तर ग्राउलर घेऊच नये. रिकामा झाला की लगेच गरम पाण्याने धुवून उपडा ठेवावा; साबण टाळावा, आणि भांड्यांच्या काथ्याला तर त्यात अजिबात स्थान नाही.

कॅन आणि बाटली

कॅनबद्दल उगाच नाक मुरडलं जातं. कॅनमध्ये उजेड अजिबात शिरत नाही. तपकिरी बाटली बराचसा उजेड अडवते, हिरवी आणि पांढरी फारच कमी. बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं म्हणजे हॉप्स. त्यांतल्या कडू घटकांवर उजेड पडला की गंधकाचं एक संयुग तयार होतं; इंग्रजीत त्या वासाला स्कंकचं नाव आहे, आपल्याला तो जळक्या रबरासारखा वाटेल. दुकानाच्या फ्रिजमधल्या ट्यूबलाइटनेही हे होतं. दर्शनी रांगेतली हिरवी बाटली सोडून मागची घ्यावी.

कॅनची खरी अडचण दोन गोष्टींत आहे. बरेचसे कॅन पाश्चराइझ केलेले असतात, म्हणजे साधारण ६० अंशांना काही मिनिटं तापवलेले. त्याने बिअर टिकते, पण हॉप्सचा ताजा, कैरी-संत्र्यासारखा वास थोडा बसतो. दुसरी अडचण थंड साखळीची: ब्रुअरी ते गोदाम ते दुकान यांत ती कुठे तुटली हे आपल्याला कळत नाही. कळतो तो फक्त कॅनच्या बुडाशी किंवा लेबलवर छापलेला महिना. तो बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ज्या बिअर शॉपीत माल लवकर उठतो तिथून घ्यावा, मग ते दुकान स्टेशनबाहेरचं कळकट का असेना. पाम बीचजवळच्या चकचकीत दुकानात महागडी आयपीए (भरपूर हॉप्सची कडू बिअर) चार महिने झोपलेली असू शकते.

कुठला प्रकार कुठल्या वाटेने

इथे तिन्ही वाटा सारख्या नाहीत, आणि चुका इथेच होतात.

आयपीएचं सगळं मोल हॉप्सच्या वासात, आणि तोच सगळ्यांत आधी उडतो. टॅपवर ताजी मिळाली तर घ्या. कॅनमध्ये घ्यायचीच तर दोन महिन्यांच्या आतली. त्याहून जुनीत कडवटपणा उरतो, वास जातो, आणि ओल्या पुठ्ठ्याची चव वर येते. हीच बिअर ‘नुसती कडू’ म्हणून अनेकांना नकोशी होते, ती प्रकारामुळे नव्हे, वयामुळे.

हेफेवायझनमध्ये निम्म्याहून अधिक माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गव्हाचं. केळं आणि लवंग असे दोन वास येतात, आणि ते दोन्ही यीस्टचे असतात. बिअरमध्ये ना केळं घातलेलं असतं ना लवंग. टॅपवर ती सर्वांत छान लागते. बाटली असेल तर तीन चतुर्थांश ओतावी, उरलेली हलकेच घोळवून तळाचं यीस्ट ग्लासात घ्यावं. हे न करता वरची निवळ बिअर पिऊन ‘पातळ आहे’ म्हणणारे बरेच भेटतात.

विट या बेल्जियन गव्हाच्या बिअरमध्ये न मोड आणलेला कच्चा गहू, धणे आणि कडू संत्र्याची साल. व्हाइट आउल या ब्रुअरीची स्पार्क ही विट. नवख्याने इथूनच सुरुवात करावी असं आमचं मत. टिकण्यात ती आयपीएपेक्षा बरी, तीन महिन्यांच्या आतला कॅन बिनधास्त घ्यावा. दिवाळे गावाच्या बाजारातून ओले बोंबील आणून रव्यात तळलेत तर त्याच्यासोबत हीच. धण्याचा वास मसाल्याशी जमतो आणि बारीक बुडबुडे तेल धुऊन नेतात. उलट मामलेदारच्या मिसळीइतकं तिखट काही असेल तर आयपीए दूर ठेवा. कडवटपणा तिखटाला आणखी चढवतो, तोंडाची आग होते. तिथे हेफेवायझनचा गोडसर मऊपणा कामी येतो.

स्टाउट, पोर्टर आणि रेड एल या कॅनमध्ये निर्धास्त घेण्यासारख्या. भाजलेल्या माल्टची चव वयाने थोडीफार बदलली तरी बिघडली असं वाटत नाही, सहा महिन्यांपर्यंत चालते. कोंबडी-वडे किंवा सुक्या मटणाला रेड एल घ्यावी, व्हाइट आउलची डायब्लो या जातीची.

कोकम, जांभूळ, आंबा घालून केलेल्या मोसमी आंबट बिअरवर मात्र डोळे मिटून विश्वास नको. गोझे या जर्मन प्रकारात मीठ आणि धणे असतात, आंबटपणा लॅक्टिक आम्लाचा. त्यात कोकम बसतं, सोलकढीची सवय असलेल्या जिभेला तर फारच. पण फळाचा गर घातलेल्या, न तापवलेल्या बिअरमध्ये यीस्टला आयती साखर असते. कॅन गरम राहिला तर आत पुन्हा आंबणं सुरू होतं आणि कॅन फुगतो. असा कॅन घेऊ नका, घरी आला असेल तर उघडू नका. ही जात शक्यतो टॅपवरच प्यावी.

मीड हे बिअरच नव्हे, मधाच्या पाण्याचं आंबवण. पण दुकानांत त्याच फ्रिजमध्ये असतं, म्हणून उल्लेख: मीड बनवणाऱ्या पुण्याची मूनशाइन आणि नाशिकची सेराना. नाशिकवरून आठवलं, पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या डूलाली या ब्रूपबच्या नावामागे नाशिकजवळची देवळालीच आहे. तिथल्या छावणीत जहाजाची वाट बघून कंटाळलेल्या गोऱ्या शिपायांवरून ‘वेडसर’ या अर्थाचा हा इंग्रजी शब्द आला.

गुण कसे द्यायचे

घरी बिअर चाखून तुलना करायची तर बीजेसीपी या बिअर परीक्षकांच्या संस्थेचा तक्ता ५० गुणांचा आहे: वास १२, रूप ३, चव २०, तोंडात लागणारा भरीवपणा ५, एकंदर छाप १०. रूपाला फक्त ३, हे लक्षात घ्या. ग्लासाचा फोटो काढण्यात जितका वेळ जातो तितका त्याला मान नाही. आणि गुण त्या प्रकाराच्या मानाने द्यायचे. विट कडू नाही म्हणून तिचे गुण कापणं म्हणजे शिरा तिखट नाही म्हणून तक्रार करणं.

एका बैठकीत ४ ते ६ बिअर, प्रत्येकी ६० ते ९० मिली. ५०० मिलीचा एक कॅन सहा जणांना पुरतो. हलकीपासून गडदकडे, कमी कडूपासून जास्त कडूकडे जायचं, आयपीए शेवटाकडे. मधे साधं पाणी आणि कोरा पाव. शेव, चकली, मसाला शेंगदाणे गुण देऊन झाल्यावर. घरात फोडणी झाली असेल तर अर्धा तास खिडक्या उघड्या ठेवा, उदबत्ती नको. वरच्या बाजूला निमुळता होणारा काचेचा ग्लास घ्या, एक तृतीयांशच भरा. विट आणि हेफेवायझन ५ ते ७ अंशांना, स्टाउट १० च्या आसपास: ती फ्रिजमधून १०-१२ मिनिटं आधी बाहेर काढावी. बर्फगार बिअरला वास येत नाही, दोषही लपतात. फेस असतानाच पहिल्या अर्ध्या मिनिटात वास घ्या, मग घोट.

दोष ओळखायला तुलना स्वयंपाकघरातलीच बरी. उकडलेल्या मक्याचा वास म्हणजे माल्टच्या पाण्याला उकळी कमी पडली किंवा ते गार व्हायला वेळ लागला. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर कोवळी असतानाच भरली. बटरस्कॉचचा म्हणजे यीस्टला शेवटचं काम करायला वेळ दिला नाही, नाहीतर वर सांगितलेली घाण लाइन. औषधी पट्टीसारखा वास आला तर पाण्यातलं क्लोरीन नीट काढलेलं नाही.

टॅपची आणि कॅनची तीच बिअर खरंच वेगळी लागते का, हे घरच्या घरी तपासता येतं. ताजा भरलेला ग्राउलर आणि त्याच बिअरचा कॅन एकाच तापमानाला आणा. एकाने आत जाऊन प्रत्येकासाठी तीन ग्लास भरायचे, दोनांत एक आणि तिसऱ्यात दुसरी, खाली मार्करने आकडे. बाकीच्यांनी वेगळा ग्लास ओळखायचा. ओतणाऱ्याने खेळायचं नाही, गप्पही बसायचं. निव्वळ अंदाजाने ६ जणांपैकी ५ किंवा सगळ्यांचं बरोबर येण्याची शक्यता २ टक्क्यांहून कमी असते. ५ जणांनी ओळखला तर फरक खरा, मग कुठली आवडली ते विचारा आणि त्या वाटेला जा. चौघांनीच ओळखला तर खात्री नाही, पुन्हा एकदा करा. त्याहून कमी असेल तर दर १०० मिलीला जी स्वस्त पडते ती घ्या.

जाता जाता कायद्याचं: महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी वय २१, कडक दारूसाठी २५. आणि ग्राउलर आणायला गाडी घेऊन जाणाऱ्याने तिथे चवही बघायची नाही.