जहाजांचा माग दाखवणारे ॲप : दोन कॉन्ट्रॅक्टनंतरचा अभिप्राय

माझे पती मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनिअर आहेत. एकदा जॉइन झाले की सहा-सात महिने ते घरी येत नाहीत, आणि त्या काळात मी रोज न चुकता उघडते ते जहाजांची ठिकाणे नकाशावर दाखवणारे ॲप. त्यांच्या गेल्या दोन कॉन्ट्रॅक्टमध्ये मी ते सतत वापरले आहे. अशी अनेक ॲप मिळतात, पण सर्वांचा गाभा एकच असल्यामुळे मी जे लिहीत आहे ते बहुतेकांना लागू पडावे. ज्यांच्या घरचे माणूस पहिल्यांदाच जहाजावर गेले आहे, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहिते आहे. कारण हे ॲप नीट समजून न घेता वापरले, तर ते धीर देण्याऐवजी झोप उडवते.

पहिली गोष्ट म्हणजे जहाज कधीही नावाने शोधू नये. एकाच नावाची अनेक जहाजे असतात. पहिल्या कॉन्ट्रॅक्टमध्ये मी चार दिवस अशाच एका भलत्या जहाजाकडे पाहत होते. ज्या समुद्रावर नजर ठेवून मी रात्री फोन बाजूला ठेवत असे, त्या समुद्रात ते नव्हतेच, हे कळल्यावर मला रडू आवरले नाही. जहाजाचा सात अंकी आयएमओ क्रमांक, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या पद्धतीचा ओळख क्रमांक, मागून घ्यावा. नाव, मालक किंवा झेंडा बदलला तरी हा क्रमांक जहाज मोडीत निघेपर्यंत तोच राहतो.

ॲपवर दिसणारी माहिती जहाजावरच्या एआयएस या, जहाजाची ओळख आणि ठिकाण आपोआप कळवणाऱ्या यंत्रणेतून येते. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या, ३०० ग्रॉस टनेज (जहाजाच्या आकारमानाचे माप) आणि त्याहून मोठ्या जहाजांवर ती बंधनकारक आहे. चालते जहाज दर २ ते १० सेकंदांनी, तर नांगरलेले जहाज दर ३ मिनिटांनी आपले ठिकाण रेडिओ लहरींवरून सांगत असते. या लहरी किनाऱ्यावरच्या अँटेनापर्यंत साधारण ४० सागरी मैलांपर्यंतच, म्हणजे सुमारे ७५ किलोमीटर, पोहोचतात. जहाज त्यापलीकडे गेले की संदेश फक्त उपग्रहांना ऐकू येतात, आणि ती माहिती बहुधा पैसे भरणाऱ्यांनाच दिसते.

इतके साधे कारण मला आधी कोणी सांगितले असते, तर माझे किती त्रासाचे दिवस वाचले असते! त्यांचे जहाज पहिल्यांदा महासागर ओलांडायला निघाले तेव्हा नकाशावर जहाज दाखवणारा बाण एका जागी थिजला आणि त्याखाली ‘शेवटचे ठिकाण ९ दिवसांपूर्वी’ असे दिसू लागले. जहाजावरचे इंटरनेटही त्याच आठवड्यात बंद पडले होते. त्या दिवसांत मी काय काय कल्पना केल्या ते लिहिणार नाही. दहाव्या दिवशी जहाज पलीकडच्या किनाऱ्याजवळ आले, बाण हलला आणि तासाभरात त्यांचा फोन आला. सगळे सुरळीत होते. जहाज बोलत होते, फक्त ऐकायला जवळ किनारा नव्हता. थिजलेला बाण म्हणजे थांबलेले जहाज नव्हे, हे प्रत्येक घराने पहिल्याच दिवशी समजून घ्यावे.

ॲपवरची सगळी माहिती सारखी भरवशाची नसते, हेही हळूहळू कळले. वेग आणि ठिकाण यंत्र आपोआप पाठवते. पण पुढचे बंदर आणि तिथे पोहोचण्याची वेळ जहाजावरचे अधिकारी हाताने भरतात. कामाच्या गडबडीत ते बदलायचे राहिले, तर जहाज सोडून आलेल्या बंदराकडेच निघाल्यासारखे दिसते. एकदा तर एडनच्या आखातात बंदराच्या नावाच्या जागी जहाजावर सशस्त्र रक्षक असल्याचा मजकूर दिसला. चाचेगिरीचा धोका असलेल्या भागात जवळच्यांना इशारा म्हणून जहाजे असे लिहितात, आणि गरज वाटल्यास कॅप्टन एआयएस काही काळ बंदही ठेवू शकतात. तरी ती ओळ वाचून माझे हात गार पडले. पुढे एकदा पूर्व भूमध्य समुद्रातून जाताना त्यांचा बाण चक्क जमिनीवर दिसला. त्या भागात जीपीएसच्या संकेतांत गडबड केली जाते आणि एआयएस तेच चुकीचे ठिकाण पुढे पाठवते.

या उणिवा सांगूनही मी हे ॲप सोडायला तयार नाही, आणि त्याचे मुख्य कारण घड्याळ आहे. जहाज पूर्व-पश्चिम प्रवास करते तशी त्यावरची घड्याळे बदलत जातात; दर १५ रेखांशांना साधारण एक तास. त्यांची वॉच, म्हणजे कामाची पाळी, पहाटे आणि संध्याकाळी ४ ते ८ अशी असते. मी ॲपवर रेखांश पाहते, हिशेब करते आणि तिकडे आठ वाजून गेल्यावर, ते अंघोळ करून केबिनमध्ये आले असतील अशा वेळी, निरोप पाठवते. उत्तर येण्याची शक्यता तेव्हाच असते. मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन या खलाशांच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारातील दुरुस्तीनुसार २३ डिसेंबर २०२४ पासून खलाशांना शक्य तितके इंटरनेट देण्याची जबाबदारी जहाजमालकांवर आली आहे, ही मोठीच सोय आहे. पण थकलेल्या माणसाला झोपेतून उठवू नये, एवढी काळजी घरातून घ्यायची तर घड्याळ जुळवावेच लागते.

पैसे भरावेत का? जहाज किनाऱ्याकिनाऱ्याने फिरत असेल तर मुळीच गरज नाही. लांबची समुद्रपारची फेरी असेल तेव्हा एखाद्या महिन्यापुरती उपग्रहाची सोय घ्यावी. मी तसेच करते. सूचना मात्र बंदरात पोहोचण्याची आणि बंदरातून निघण्याची एवढ्या दोनच चालू ठेवाव्यात. वेग कमी झाल्याची सूचना मी महिनाभर ठेवली होती. सुएझ कालव्यापाशी रांगेत थांबलेल्या जहाजासाठीही ती वाजत राहिली आणि मी दर वेळी दचकत राहिले.

त्यांचा आवाज बसला आहे का, जेवण नीट जाते आहे का, इंजिन रूमच्या उकाड्यात चिडचिड होते आहे का, यांतले काही या नकाशावर कधीच कळणार नाही, आणि ते मला रोज जाणवते. तरीही ‘आई, बाबा आत्ता कुठे आहेत?’ या मुलीच्या प्रश्नाला बोट ठेवून उत्तर देता येते, हे माझ्या घरात फार मोठे आहे.

गेल्या कॉन्ट्रॅक्टच्या शेवटी ते साइन ऑफ होऊन, म्हणजे जहाजावरच्या कामातून मोकळे होऊन, विमानतळाकडे निघाले, त्याच संध्याकाळी तो बाण बंदरातून बाहेर पडला. पहिल्यांदाच मी तो निवांत मनाने पाहिला. मग त्यांच्या जागी आलेल्या सेकंड इंजिनिअरच्या पत्नीचा नंबर यांच्याकडून घेतला, तिला आयएमओ क्रमांक पाठवला आणि खाली लिहिले : पुढचे काही दिवस बाण हलणार नाही, घाबरू नकोस.