त्याने गॅस कुठला ते विचारलंच नाही

पार्ल्याच्या आमच्या घरात ओट्याखालच्या कोनाड्यात बसवलेला गॅसचा ओव्हन २२ वर्षांचा होता. दिवाळीत आई त्यात आमच्याबरोबर शेजारच्या तीन घरांचीही नानकटाई भाजायची. गेल्या सप्टेंबरात त्याने कुरकुर सुरू केली. नॉब दाबून धरला की बर्नर पेटे, हात काढला की विझे. मी मोबाइलवर कंपनीचं नाव टाकलं आणि सगळ्यात वर आलेला नंबर फिरवला. खरा नंबर माहितीपुस्तिकेत होता आणि पुस्तिका कपाटात. उठून बघायचा कंटाळा केला.

दुसऱ्या दिवशी माणूस हजर. गळ्यात ओळखपत्र, शर्टावर कंपनीचं चिन्ह, बोलणं गोड मराठीत. आईला "काकू, काकू" करत चहा प्यायला, टॉर्च मारून दहा मिनिटं आत डोकावला आणि म्हणाला, "काकू, वॉल्व्ह गेलाय. याचे पार्ट आता येत नाहीत. कधी लीक होईल, भरवसा नाही." लीक म्हटल्यावर आईचा चेहरा उतरला. पुढचं सगळं त्या भीतीवरच चाललं.

नवा ४२,००० चा, एक्स्चेंजचे ६,००० वजा, २०,००० आगाऊ. पैसे कंपनीच्या नावाने जाईनात, म्हणून "आमच्या साहेबांच्या नंबरवर" यूपीआय केले. जुना ओव्हन तो त्याच दिवशी घेऊन गेला, "एंट्री करावी लागते" म्हणून. माझी सगळ्यात मोठी चूक तीच. ओव्हन घरात असता तर दुसऱ्या कुणाला तरी दाखवता आला असता.

चार दिवसांनी नवा आला. आमचा कोनाडा ९० सेंटिमीटरचा, हा ६० चा. उरलेल्या जागेत प्लायच्या पट्ट्या ठोकल्या, बाकीचे १६,००० रोख घेतले, संपलं. रविवारी नानकटाई लावली. पाऊण तास झाला तरी वरून पांढरी, आतून कच्ची. ज्योत जेमतेम नखाएवढी. आता त्याला फोन केला की वाजून कट व्हायचा.

शेवटी ओळखीतल्या एका वयस्कर मेकॅनिकना बोलावलं. त्यांचा पहिला प्रश्न: "सिलिंडर की पाइप?" आमच्याकडे महानगर गॅसची पाइपलाइन आहे. ओव्हनला बसवलेले जेट, म्हणजे ज्या बारीक भोकातून बर्नरला गॅस मिळतो ते भाग, सिलिंडरच्या गॅसचे निघाले. पाइपच्या गॅसमध्ये तेवढ्याच घनफळाच्या एलपीजीपेक्षा निम्म्याहून कमी उष्णता असते, त्यामुळे त्याच्या जेटचं भोक मोठं लागतं. बारीक भोकातून पुरेसा गॅसच येत नाही. आधीचा माणूस दोनदा येऊन गेला, पण गॅस कुठला हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. ओव्हनही नवा नव्हता, रंग मारून आणलेला. मागे साधी रबरी नळी, तीही क्लिपशिवाय नुसती खोचलेली. मेकॅनिककाकांनी तिथेच कॉक बंद केला आणि मग गॅस कंपनीचा माणूस बोलावून जोडणी तपासून घेतली. पैशांपेक्षा त्या नळीचा विचार मनात आला की अजून पोटात गोळा येतो.

आणि जुन्याचं काय झालं होतं? लक्षणं ऐकून काका हसले. "थर्मोकपल गेलं असणार." ही आचेजवळची छोटी कांडी. ती तापली की किंचित वीज तयार होते आणि तेवढ्यावर गॅसचा झडप उघडा राहतो. ज्योत विझली की झडप आपोआप बंद. म्हणजे आमचा ओव्हन लीक होत नव्हता, उलट गॅस बंद करत होता. काकांच्या हिशेबाने मजुरीसकट हजार-बाराशेंचं काम.

बिल नीट बघितलं तेव्हा जीएसटी नंबर १४ अक्षरी निघाला. खरा १५ अक्षरी असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर फुकट तपासता येतो. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन केला, पण तोवर बरेच दिवस उलटले होते आणि त्या खात्यात काही उरलं नव्हतं. हा फोन पैसे गेल्या गेल्या करायचा असतो. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. रोख दिलेल्या १६,००० चा पुरावा म्हणून माझ्याकडे तेवढं खोटं बिल आहे.

काल तो नंबर पुन्हा शोधून बघितला. तोच नंबर आता दुसऱ्या एका कंपनीच्या नावाखाली, चिमणी दुरुस्तीसाठी, सगळ्यात वर दिसतोय.