बायबल अ‍ॅप: वाचायला झकास, फक्त देवाची कृपा आकड्यात मोजू नका

यूव्हर्जनचं बायबल अ‍ॅप आमच्या घरात सगळ्यांच्या फोनवर आहे आणि चर्चमधलं कोणी ना कोणी विचारत असतंच की घेऊ का, म्हणून एकदाचं लिहून टाकते. फुकट आहे, जाहिराती नाहीत, २००८ पासून चालू आहे, अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या एका चर्चने काढलंय. मराठीत एकापेक्षा जास्त भाषांतरं मिळतात, बायबल सोसायटीचं आपलं नेहमीचं पण आहे आणि सोप्या मराठीतलं पण. इथपर्यंत तक्रारीला जागाच नाही.

आता स्ट्रीक. सलग किती दिवस उघडलं ते अ‍ॅप मोजतं, सवय लागायला बरं पडतं, नाही म्हणत नाही. पण आमच्या ओळखीच्या एका मावशींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळ्याला पट्टी, वाचायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं, तरी सुनेला म्हणतायत, "अगं तू नुसतं उघडून तरी ठेव, खंड पडायला नको, प्रभूला काय वाटेल!" सून बिचारी रोज उघडून बंद करायची. आता यात अ‍ॅपचा काय दोष? इतकी वर्षं पुलपिटवरून, म्हणजे चर्चच्या प्रवचनात, जे ऐकलं तेच डोक्यात. उपवास केला, दशांश (कमाईचा दहावा भाग) दिला, पहाटेच्या प्रार्थनेला आलात तर फेवर, म्हणजे देवाची मर्जी, नाहीतर नाही. म्हणजे देव हजेरी मांडून पगार काढतो असंच झालं की!

अ‍ॅपमधले रोजच्या वाचनाचे प्लॅन निवडताना म्हणूनच जरा बघून घ्या. काही चांगले आहेत, पण फेवर आणि आशीर्वादवाल्या प्लॅनमध्ये योसेफ (भावांनी विकलेला, पुढे मिसरात मोठा अधिकारी झालेला) हमखास येतो, आणि तो कसा, तर थेट राजवाड्यात! अरे पण बायबलच्या पहिल्या पुस्तकातला, उत्पत्तीचा ३९ वा अध्याय उघडा ना. देवाने त्याच्यावर दया केली, तुरुंगाच्या अधिकाऱ्याची मर्जी बसवली, हे सगळं तो तुरुंगात असताना. आणि मर्जी बसली म्हणून सुटला का? नाही. तुरुंगात सोबत असलेला राजाचा प्यालेबरदार (पेय देणारा सेवक) बाहेर जाऊन त्याला विसरला, त्यानंतरही दोन वर्षं हा आतच. बरं आत बसून हातावर हात ठेवून नव्हता, सगळ्या कैद्यांचा कारभार हाच बघत होता. कृपाही होती, कष्टही होते आणि बेड्याही होत्या, तिन्ही एकाच वेळी. हे सांगणारा प्लॅन मला अजून तरी सापडला नाही 😅

दुसरं म्हणजे अ‍ॅप दाखवतं ते रोजचं वचन. एकच वचन, छान फोटो, लगेच व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला. प्रेषित पौलाच्या पत्रातलं इफिस २:८-९ तर सगळ्यांचं लाडकं, तारण (पापातून सुटका) कृपेने, कर्मांनी नाही. पण १० वं वचन फोटोत मावत नाही, त्यात पौल लगेच म्हणतो की सत्कृत्यं करायला आपण निर्माण झालोय. पौलाच्याच दुसऱ्या पत्राचं, फिलिप्पै २ चं उलटं, तिथे "भीत व कापत तारण साधून घ्या" एवढं १२ वं धरून पाळक लोक झोडपतात आणि इच्छा अन् कृती दोन्ही देवच आपल्यात घडवतो हे १३ वं तसंच राहतं. इथे मात्र अ‍ॅप खरंच कामाला येतं, वचनावरून सरळ पूर्ण अध्याय उघडता येतो, तेवढं कराच. जुनं आणि सोपं भाषांतर शेजारी शेजारी लावलं की पौलाची ती लांबलचक वाक्यंसुद्धा कळायला लागतात, बायबल स्टडीला मी तसंच करते.

माझ्याकडून साडेचार स्टार. नोटिफिकेशन बंद केलीत तरी काही बिघडत नाही, मी केलीयेत. आईवडिलांना लावून देणार असाल तर आधी अक्षर मोठं करा आणि चर्चमध्ये जे वाचतात तेच भाषांतर निवडून द्या, नाहीतर रविवारी शब्द वेगळे दिसले की उपासना चालू असतानाच तुम्हाला कोपराने ढोसतील.