साधं, 95, 100 की बूस्टरची बाटली : पैसे कशात घालायचे?

पंपावरचा पोरगा विचारतो, "प्रीमियम भरू काय?" मागे रांग असते, आपणही घाईत "भर" म्हणून टाकतो. मीही वर्षभर तेच केलं, कारण माझी जुनी हॅचबॅक कणकवलीकडून फोंडा घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये टिणटिणायची. एसी बंद केला की आवाज कमी, पाय दाबला की पुन्हा सुरू. याला आपण नॉकिंग म्हणतो. ठिणगी पडून आग सिलिंडरभर पसरत असतानाच उरलेलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं आपोआप भडकतं, त्याचा तो आवाज.

ऑक्टेनचा अंक एवढंच सांगतो, की पेट्रोल असं आपोआप भडकायला किती विरोध करतं. आयसोऑक्टेनला 100 आणि एन-हेप्टेनला 0 धरून ही मोजपट्टी केली आहे. या अंकाचा ताकदीशी थेट संबंध नाही. याचं उदाहरण आपल्या कोल्हापूरच्याच मातीतलं आहे. इथल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळीपासून इथेनॉल होतं. त्याचा ऑक्टेन 100 च्याही वर, पण एका लिटरमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी. ऑक्टेन जास्त म्हणजे अ‍ॅव्हरेज जास्त, हे डोक्यातून काढून टाका.

साध्या पेट्रोलचा किमान अंक बरीच वर्षं 91 होता. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी मानकात तो 95 धरला आहे. म्हणजे रोज ताराराणी चौक ते रंकाळा फिरणाऱ्या, 91 वर चालेल अशा बनवलेल्या गाडीला साधं पेट्रोल पुरून उरतं. प्रीमियम 95 ला लिटरमागे जे जादा रुपये देता, त्यात मुख्यतः इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारी नळी, स्वच्छ ठेवणारी रसायनं येतात. ती वाईट नाहीत, पण त्यासाठी दर वेळी प्रीमियम भरायची गरज मला वाटत नाही.

100 ऑक्टेनचा दर साध्याच्या जवळपास दीडपट, आणि ते प्रत्येक पंपावर मिळतही नाही. जास्त कॉम्प्रेशनची, म्हणजे मिश्रण जास्त दाबणाऱ्या इंजिनाची सुपरबाईक किंवा कंपनीनंच वरचा अंक सांगितलेली टर्बो गाडी असेल तर जरूर भरा. अशा इंजिनात नॉकिंग ओळखणारा नॉक सेन्सर असतो. कमी ऑक्टेनचं पेट्रोल मिळालं की ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, ठिणगी उशिरा टाकतो, इंजिन वाचतं पण जोर कमी होतो. चांगलं पेट्रोल मिळालं की तो जोर परत येतो. 91 साठी जुळवलेल्या इंजिनाला मात्र त्या जादा अंकांचा काहीच उपयोग नसतो. गाडीचा अंक टाकीच्या झाकणाच्या आत किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेला असतो. अमेरिकेतून आलेल्या गाडीवर 87 दिसलं तर दचकू नका, त्यांची मोजपद्धत वेगळी आहे. ते आपल्या 91 च्या आसपास येतं.

आता बूस्टर, म्हणजे ऑक्टेन वाढवायला टाकीत ओतायचं रसायन. बाटलीवर "30 पॉइंट" असं मोठ्या अक्षरांत असतं. या धंद्यात एक पॉइंट म्हणजे बहुधा 0.1 ऑक्टेन, म्हणजे 91 चं 121 होत नाही, 94 होतं. समजा पाचशे रुपयांची बाटली 40 लिटरला पुरते, तर लिटरमागे साडेबारा रुपये पडले. एवढ्यात पंपावरचं 95 येतं, तेही मोजून मिसळलेलं. ऑक्टेन वाढवायचाच असेल तर अर्धी टाकी 95 आणि अर्धी 100 भरा, साधारण साडेसत्त्याण्णवच्या आसपास जाल.

मी दोन महिने बूस्टर ओतला. उद्यमनगरात मिस्त्रींनी ठिणगी टाकणारा स्पार्क प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवला. पांढऱ्या पोर्सिलेनवर विटकरी रंगाचा थर बसला होता.

"दादा, ही बाटलीची माया. मँगनीजवाल्या बूस्टरनं असंच हुतंय. थर वाढला की प्लग मिसफायर मारतोय."

"मग टिणटिण कशाची?"

"डोकं उघडल्याशिवाय सांगत न्हाई."

हेड उघडल्यावर दिसलं, पिस्टनवर कार्बनचा जाड थर होता. त्यानं कॉम्प्रेशन वाढतं, शिवाय तो थर तापून राहतो, म्हणून मिश्रण आपोआप भडकतं. प्लगही चुकीच्या हीट रेंजचे, म्हणजे या इंजिनाच्या उष्णतेला न जुळणारे निघाले. कार्बन काढला, योग्य प्लग घातले, कूलंट बदललं. त्यानंतर साधं पेट्रोल भरून, एसी लावून, चार माणसांसकट तोच फोंडा घाट चढलो, आवाज आला नाही.

म्हणून गाडी नॉकिंग मारत असेल तर एकदा 95 ची टाकी भरून बघा. आवाज गेला, तर झाकणातला अंक तपासा आणि तेवढ्याच अंकाचं पेट्रोल भरत राहा. गेला नाही, किंवा गाडीला 91 पुरेसं असूनही 95 शिवाय आवाज थांबत नसेल, तर बूस्टरचे पैसे मिस्त्रीकडे द्या.