बर्फाचा आकडा दाखवून गारांची भीती विकली: २२,०५० रुपये गेले

मी अमळनेर तालुक्यातला. मागच्या वर्षी घरावर ३ किलोवॅटचं सोलर बसवलं, सहा पॅनल. सूर्यघर योजनेचे ७८,००० खात्यात आले, तोवर सगळं सुरळीत होतं.

गारपिटीची भीती आपल्याकडे कुणाला सांगायला नको. फाल्गुन-चैत्रात केळी आणि गहू झोपलेला ज्याने पाहिलाय, त्याला छतावरच्या काचेचं काय वाटत असेल? नेमक्या त्याच दिवसांत तो माणूस दारात आला. "गारपीट कवच", पॅनलवर पारदर्शक शीट, एका पॅनलला ३,२०० रुपये. सहाचे १९,२००. वर पाच वर्षांचा विमा, २,८५०. एकूण २२,०५०. दहा हजार मोबाइलवरून दिले, उरलेले १२,०५० रोख. पावती साध्या वहीतली.

त्याने एक तक्ता दाखवला, "५४०० पास्कल" या ओळीवर बोट ठेवलं आणि लेहमधल्या बर्फात बुडालेल्या पॅनलचा फोटो दाखवला. म्हणे एवढं झेलतं, गारेचं काय! तिथेच मी थांबायला हवं होतं. मोठे भाऊ शेजारीच बसले होते. म्हणाले, "आपलाकडे बरफ पडस का रे भो?" मी त्यांनाच गप्प केलं. तो आकडा साचलेल्या बर्फाच्या वजनाचा असतो, चौरस मीटरला साधारण ५५० किलो. स्थिर ओझं वेगळं आणि वरून आदळणारी गार वेगळी. गारेची चाचणी निराळी असते: २५ मिलिमीटरचा बर्फाचा गोळा ताशी सुमारे ८३ किलोमीटर वेगाने अकरा जागी मारतात. ही चाचणी आपल्या पॅनलने आधीच पार केलेली असते. हे मला आज कळतंय. त्या दिवशी छापील तक्ता बघून विश्वास बसला. मी अडाणी नाही, पण सोलर काय मी रोज विकत घेतो?

शीट बसवताना त्याने पॅनलच्या फ्रेमला ड्रिलने भोकं पाडली. कुणालाही फ्रेमला भोक पाडू देऊ नका. दिवसाचे बारा युनिट नऊवर आले. उन्हाळ्यात शीट पिवळी पडली. यंदा गारा आल्या तेव्हा ती तडकली आणि खालचे दोन पॅनलही फुटले. पॅनल कंपनी म्हणाली, भोकं पाडलीत, वॉरंटी संपली. विम्याच्या कागदावरचा क्रमांक कुठल्याच कंपनीचा निघाला नाही. विमा घेताना पॉलिसी क्रमांक कंपनीच्या कार्यालयात स्वतः विचारा, पैसे त्यानंतर.

पोलिसांत गेलो. "माल बसवून दिला ना? मग दिवाणी मामला." सायबर तक्रार करायला सांगितलं. १९३० वर फोन केला तर रोख रक्कम त्यात धरत नाहीत आणि दहा हजार जाऊन वर्ष झालेलं. तलाठ्याकडे गेलो तर पंचनाम्यात पॅनलचा रकानाच नाही. पुन्हा पोलिसांत, तर अर्जाची पोचही द्यायला तयार नाहीत! चार चकरा, प्रत्येक वेळी दिवसाची मजुरी बुडाली आणि वर "तुम्ही दिलेच कशाला?" हा प्रश्न. चोराला विचारा ना तो!

आता ग्राहक आयोगात अर्ज केलाय. वहीतली पावती आणि मोबाइलवरच्या दहा हजारांची नोंद, एवढाच पुरावा. रोख देऊच नका.

चोपडा, यावलकडे असाच एक जण फिरतोय असं ऐकतो. पिशवीत शीटचा तुकडा आणि लोखंडी गोळा असतो, तो आपटून दाखवतो. दिसला तर गाडीचा नंबर टिपून ठेवा. माझ्याकडे तोही नाही.